ओटावात छोटी गाडी घेताय? ऑल व्हील ड्राइव्हच्या आधी टायरचं बघा

नमस्कार भाऊ,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरात बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन नागपूरहून ओटावाला येताय, राहायला बहुतेक बारहेवन, ऑफिस कनाटाला. बजेट बेताचं, म्हणून छोटी हॅचबॅक घ्यायची. तीच गाडी ऑल व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, दोनेक हजार डॉलरनी महाग पडते, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, "कॅनडात त्याशिवाय कसं जमेल?"

मी नागपूरच्या लक्ष्मीनगरची, आता बरीच वर्षं इथे आहे. माझं उत्तर: जमतं. तुमच्या पत्त्यावर तर आरामात जमतं. ते दोन हजार वाचवा, त्यातले हजार-बाराशे चार चांगल्या विंटर टायरवर घाला, उरलेले इन्शुरन्सला लागतील. (लागतीलच.)

आता कारण सांगते, कारण सेल्समन समोर बसला की नुसता सल्ला टिकत नाही.

ताडोबाला किंवा पेंचला तुम्ही जिप्सीत बसला असालच. त्या जिप्सीला गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा असतो, तो टाकला की पुढची-मागची चारही चाकं जोर लावतात. तो टाकायचा चिखलात, रेतीत. कोरड्या डांबरावर टाकून ठेवला तर वळणावर गाडी ताणली जाते, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरायला वाव उरत नाही. छोट्या गाड्यांमधलं ऑल व्हील ड्राइव्ह हा वेगळा प्रकार. तिथे दांडा नाही, सगळं आपोआप. बहुतेक गाड्यांत एरवी पुढचीच चाकं ओढतात, ती घसरायला लागली की मधला क्लच मागच्या चाकांकडे जोर पाठवतो. माझदा 3 चं असंच आहे. सुबारू इम्प्रेझात चारही चाकांना कायम जोर मिळतो. कोरोला हायब्रिडमध्ये मागे वेगळी इलेक्ट्रिक मोटर बसवलेली असते, मधून इंजिनाचा जोर मागे नेणारा शाफ्टच जात नाही.

प्रकार कुठलाही असो, काम एकच: गाडी पुढे सरकवणं. काटोलकडच्या एखाद्या शेतात जुलैत गाडी काळ्या मातीत रुतली की जे हवं असतं, ते हे. पण हिवाळ्यात बर्फावर माणसं मरतात ती गाडी निघत नाही म्हणून नाही, थांबत नाही म्हणून. आणि ब्रेक तर तुमच्या वॅगन-आरलाही चारही चाकांना आहेत. ब्रेक दाबल्यावर इंजिनाचा जोर दोन चाकांना जातो की चार, यानं काहीच फरक पडत नाही. तिथे रस्त्याला धरून ठेवणारं फक्त रबर असतं. वळणावरही तेच. उलट ऑल व्हील ड्राइव्हवाल्याला सिग्नलवरून झपकन निघता येतं, म्हणून त्याला रस्ता किती निसरडा आहे ते लवकर कळतच नाही. पहिल्या मोठ्या बर्फात 417 हायवेच्या कडेला खड्ड्यात उतरलेल्या गाड्या बघा; त्यात मोठमोठ्या एसयूव्ही कमी नसतात.

तर टायर. साधारण 7 अंशांच्या खाली उन्हाळी आणि ऑल सीझन टायरचं रबर कडक होत जातं, पकड सुटते. इथे जानेवारीचं सरासरी तापमान उणे 10 च्या आसपास, रात्री उणे 25 सुद्धा होतं. विंटर टायरचं रबर या थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. सत्तेचाळीस अंशांत डांबर पाघळताना पाहिलेल्या आपल्या माणसाला रबर थंडीनं दगड होतं हे पटायला एक हिवाळा जातो, तुम्ही आधीच मानून घ्या.

टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण शोधा. ती खूण बर्फावर पकडीची चाचणी पास झालेल्या टायरलाच मिळते. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो) लिहिलेलं असेल तर ती फक्त नक्षीची ओळख, चाचणी नाही. आणखी एक गोंधळ: 'ऑल सीझन' आणि 'ऑल वेदर' हे दोन वेगळे टायर आहेत. ऑल वेदरला ती डोंगराची खूण असते आणि ते वर्षभर चालतात. गाडी कमी फिरणार असेल, दुसरा सेट ठेवायला जागा नसेल, तर ते चालतील. पण रोज बारहेवन ते कनाटा जायचं असेल तर मी खरे विंटर टायरच घेईन. चारही. पुढचे दोनच घेऊन पैसे वाचवायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका; पुढचं टोक रस्ता धरतं, मागचं धरत नाही, आणि वळणावर गाडी गरकन फिरते.

टायर रिमसकट घ्या. सुरुवातीला जरा महाग, पण नंतर दर एप्रिल आणि नोव्हेंबरला नुसती चाकं बदलायची, टायर रिमवरून काढ-घाल नाही. आणि हिवाळाभर उन्हाळी टायर गॅरेजमध्ये पडून असतात, म्हणजे तेही जास्त वर्षं टिकतात. जुने विंटर टायर घेतलेत तर नक्षीची खोली मोजा, 4 मिलिमीटरच्या खाली गेलेले बर्फात निरुपयोगी.

नदीपलीकडे गॅटिनोला, म्हणजे क्युबेकमध्ये, तिथे नोंदवलेल्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर कायद्यानंच सक्तीचे आहेत. ऑन्टारिओत, म्हणजे ओटावाच्या बाजूला, सक्ती नाही. ऑल व्हील ड्राइव्हची सक्ती मात्र क्युबेकनंही केलेली नाही, यावरून काय ते समजा. ऑन्टारिओत 2016 पासून विंटर टायर लावणाऱ्याला इन्शुरन्स कंपनीनं सवलत द्यावीच लागते. थोडीशीच असते, आणि मागितल्याशिवाय पुष्कळदा कोणी देत नाही.

ऑल व्हील ड्राइव्ह कोणाला लागतं तेही सांगते, नाहीतर वाटेल मी उगाच त्याच्यामागे लागले. घराचा ड्राइव्हवे चढाचा असेल. पहाटे पाचची शिफ्ट असेल, बर्फाचा ट्रक गल्लीत यायच्या आधीच निघावं लागत असेल. दर शनिवारी गॅटिनोच्या डोंगरात स्कीइंगला जाणार असाल. किंवा गावाबाहेर कच्च्या रस्त्यावर घर असेल. यातलं काही असेल तर जरूर घ्या, विंटर टायर लावून घ्या. बारहेवन सपाट आहे. मोठे रस्ते आधी साफ होतात, मीठ पडतं, गल्लीचा नंबर शेवटी लागतो. म्हणजे तुमची सगळी अडचण घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची, वर्षातून मोजक्या सकाळची. त्या सकाळी अर्धा तास उशिरा निघा. दोघांपैकी एकाचं काम घरून असेल तर प्रश्नच मिटला.

आणि त्या सकाळी खरा ताप असतो तो वेगळाच. रस्ता साफ करणारा ट्रक जाताना तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी घट्ट बर्फाचा बांध टाकून जातो. त्यातून छोटी गाडी काढताना चाकांच्या जोराआधी गाडीचं पोट अडकतं. इम्प्रेझाचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि रस्ता यांतलं अंतर, 130 मिलिमीटरच्या आसपास आहे, तिच्याच सांगाड्यावरच्या क्रॉसट्रेकचा 220. पोट बर्फावर टेकलं की चार चाकं फिरली काय आणि दोन काय, सारखंच. तिथे फावडं लागतं. ते ऑक्टोबरातच आणून ठेवा.

खर्चाची दुसरी बाजू सेल्समन सांगणार नाही. ऑल व्हील ड्राइव्हच्या गाडीला पेट्रोल थोडं जास्त लागतं, मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल बदलावं लागतं. चारही टायर सारखे झिजलेले हवेत. एक फाटला आणि बाकीचे अर्धे झिजलेले असले तर पुष्कळदा चारही नवे घ्यावे लागतात, कारण घेरात फरक पडला की मधला क्लच गरम होत राहतो. आणि मीठ! रस्त्यावरचं मीठ गाडीचं पोट खातं. नागपुरात वीस वर्षं जुन्या गाडीचाही पत्रा खालून बरा असतो, इथे दहा वर्षांची गाडी खालून बघवत नाही. खाली जितके जास्त भाग, तितकं गंजायला जास्त. कुठलीही गाडी घ्या, पहिल्या हिवाळ्याआधी खालून गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्या, मग दरवर्षी.

जुनी गाडी बघत असाल तर 2012 किंवा त्यानंतरचं मॉडेल बघा. कॅनडात सप्टेंबर 2011 पासून बनलेल्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं झालं. गाडी घसरून फिरायला लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करतं. निसरड्या वळणावर ऑल व्हील ड्राइव्हपेक्षा हेच जास्त कामाचं, आणि ते फुकटात मिळतं.

चालवण्याचं एवढंच सांगते. पहिला बर्फ पडला की रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये जा, हळू वेगात मुद्दाम जोरात ब्रेक दाबा. पायाखाली पेडल थरथरेल, तो एबीएस, चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा. पाय काढायचा नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे तिथे पायाला कळेल. उणे 20 ला बर्फ कोरडा असतो, तितका सरकत नाही. खरा दगाबाज दिवस शून्याच्या आसपासचा, वितळून परत गोठलेला, किंवा रस्त्यावर पडताच गोठणाऱ्या पावसाचा. त्या दिवशी विंटर टायरही फार काही करू शकत नाहीत. ऑफिसला फोन करायचा आणि घरी पोहे करायचे, तर्री मात्र तुमची तुम्हाला करावी लागेल.

आता तुम्ही अजून नागपुरात आहात तर दोन कामं उरकून या. आरटीओतून लायसन्स कधीपासून आहे ते दाखवणारं अधिकृत पत्र घ्या. ऑन्टारिओत भारताच्या लायसन्सची सरळ अदलाबदल होत नाही, परीक्षा द्यावी लागते. पण आधीचा अनुभव सिद्ध झाला तर मधली सक्तीची वाट बघणं वाचतं. दुसरं, वॅगन-आरच्या इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेमचा लेखी दाखला, इंग्रजीत, शिक्क्यासह. इथल्या काही कंपन्या तो मानतात, काही बघतही नाहीत, पण मानला तर नवख्याचा हप्ता बराच खाली येतो. गाडी पक्की करायच्या आधी तिच्या नंबरवर दोन-तीन ठिकाणी इन्शुरन्सचा भाव विचारा. कधीकधी ऑल व्हील ड्राइव्ह असलेल्या आणि नसलेल्या मॉडेलमधल्या किमतीच्या फरकापेक्षा हप्त्यातला फरकच मोठा निघतो. आणि टायरवाल्याकडे नंबर सप्टेंबरातच लावा. बर्फाची पहिली बातमी आली की सगळं ओटावा त्याच्या दारात उभं असतं.