कमानपाटे वाढवले म्हणून क्लेम बुडतो का?

नारायणगावच्या बाजूच्या एका पिकअपवाल्या भावाचा प्रश्न आलाय. गाडी २०२२ ची, कर्जावरची, स्वतःच चालवतात, टोमॅटोचे क्रेट कल्याण-वाशीला नेतात. गाडी भरली की मागून बसायची म्हणून गॅरेजात मागच्या कमानींना दोन-दोन पाटे वाढवून घेतले आणि हौद्यावर अँगलची जाळी चढवून दीड फूट उंची वाढवली. गेल्या वर्षी चेक इंजिनची लाइट सारखी लागायला लागली, चढाला गाडी ओढेना, तर मेकॅनिकने ईजीआरला (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडून प्रदूषण कमी करणारा व्हॉल्व्ह) पत्रा मारून तो बंदच करून टाकला आणि लॅपटॉप लावून ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, 'सेटिंग' करून दिली. जुलैत रात्री पावसात माळशेज उतरताना वळणावर समोरून राँग साइडने बाइक आली, तिला चुकवताना गाडी कठड्यावर गेली, बाइकलाही लागली, बाइकवाल्याचा पाय मोडला. पोलिसांनी गुन्हा यांच्यावर घातला. विमा कंपनीचं पत्र आलं की गाडीत परवानगी न घेता बदल केलेत, पॉलिसीच्या अटीचा भंग, क्लेम नामंजूर. दुरुस्तीचं एस्टिमेट २,८५,००० चं. एजंट म्हणतोय पाटे आणि जाळी काढून टाका, मागच्या तारखेचं बिल बनवू. विचारतात की क्लेम गेला का, बाइकवाल्याचे पैसे अंगावर येणार का, आणि आरटीओ काय करेल.

भाऊ, पहिलं म्हणजे पाटे काढू नका. जाळीला हात लावू नका. मागच्या तारखेचं बिल तर अजिबात नको, कारण नुकसान मोजायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने गाडीचे फोटो काढलेत, त्यात पाटे मोजता येतात, आणि तुम्ही खोटं बिल लावलंत की आजची अट मोडल्याची भानगड उद्या फसवणुकीची होते, मग मीच काय कुठलाही वकील तुम्हाला वाचवू शकणार नाही. एजंटला तुमच्या भल्याचंच वाटत असेल, पण खोट्या बिलावर सही तुमची असणार आहे, त्याची नाही.

आता कायद्याची बाजू, आणि ती तुमच्या विरोधात आहे हे आधी सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतली माहिती कंपनीने मूळ ठरवून दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने के. जयचंद्र यांच्या केसमध्ये हेच ठासून सांगितलं. विमा कंपनीचा वकील हा निकाल पहिल्या तारखेलाच टेबलावर ठेवेल, घाबरू नका, ती केस गाडीची नोंदणी कशी करायची यावर होती, अपघाताचा क्लेम द्यायचा की नाही यावर नव्हती. एवढा फरक पकडून ठेवा.

कारण तुमच्या केसचा जीव एकाच प्रश्नात आहे, तो म्हणजे अपघात त्या बदलामुळे झाला का. बदल केला हे बेकायदा आहे, त्याचा दंड वेगळा. पण दंड पडतो म्हणून क्लेम आपोआप बुडतो असं नाही.

तुम्ही सर्व्हेअरच्या रिपोर्टचे फोटो पाठवलेत ते मी दोनदा वाचले. पहिल्या पानावर त्याने लिहिलंय की मागच्या सस्पेन्शनला जास्तीचे पाटे, हौद्याची उंची वाढवलेली, ईसीयू मूळ सेटिंगवर नाही. दुसऱ्या पानावर अपघाताचं कारण या रकान्यात काय लिहिलंय, तर समोरून आलेल्या दुचाकीला चुकवताना गाडी कठड्यावर आदळली. बस. पाटे, जाळी, ईसीयू, कशाचाही उल्लेख कारणात नाही. नुकसान कुठलं आहे ते पण बघा, रेडिएटर, बंपर, पुढचा अ‍ॅक्सल, डावी हेडलाइट, सगळं पुढचं. मागच्या कमानी शाबूत, यू-बोल्ट शाबूत. गाडी कलंडली असती तर मी एवढ्या विश्वासाने बोललो नसतो, कारण उंच जाळीत क्रेट वरपर्यंत रचले की गाडीचं वजन वर जातं आणि वळणावर ती झुकते, हे कोर्टाला पटवायला इंजिनिअर लागत नाही. पण तुमची गाडी उभी राहिली, नाकावर गेली.

याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा बी. व्ही. नागराजू यांचा निकाल आहे, तो मी नेहमी वापरतो. मालवाहू गाडीत सहा माणसांची परवानगी, बसली होती नऊ, कंपनीने क्लेम नाकारला. कोर्ट म्हणालं की जास्तीची माणसं बसल्यामुळे अपघात झालेला नाही, मग एवढ्यावरून पूर्ण क्लेम कसा नाकारता. मग २०१० चा अमलेंदू साहू यांचा निकाल, त्यात नॉन-स्टँडर्ड पद्धत आहे, म्हणजे मर्यादेबाहेर माल भरला असेल किंवा पॉलिसीची दुसरी एखादी अट मोडली असेल तरी मान्य होणाऱ्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत द्यायचं. तुमच्या सर्व्हेअरने घसारा वगैरे कापून २,१२,००० धरलेत, त्याचे ७५ टक्के १,५९,०००. मी तुमच्या जागी असतो तर अर्जात पूर्ण मागितले असते आणि मनात १,५९,००० धरून चाललो असतो. दुसरी बाजूही ऐकून घ्या, कंपनी म्हणेल ही मूलभूत अटच मोडली, आणि त्यासाठी २०२१ चा सुशील कुमार गोदारा निकाल दाखवेल. त्यात गाडीचं टेम्पररी रजिस्ट्रेशन संपलेलं होतं, म्हणजे गाडी रस्त्यावर आणायलाच नको होती. तुमच्या गाडीची नोंदणी चालू, फिटनेस चालू. फरक आहे, पण तो आपल्याला नीट मांडावा लागेल.

आता मालाचं. तुम्ही लिहिलंय त्या रात्री ७० क्रेट होते. क्रेटमागे २० किलो माल आणि रिकाम्या क्रेटचे दोनेक किलो धरले तर १,५४० किलो झाले. आरसीवर गाडीचं भरलेलं वजन २,९९५ आणि रिकामं १,६९५, म्हणजे भरायला १,३०० किलो. (हा २,९९५ चा आकडा बघितलात का, ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यामुळे परमिटचा मुद्दा कंपनी तुमच्यावर काढू शकत नाही, तेवढं एक बरं आहे.) म्हणजे २४० किलो जास्त होते. कंपनीच्या पत्रात मात्र ओव्हरलोडचा शब्द नाही, फक्त बदलांचं लिहिलंय. आणि क्लेम नाकारताना पत्रात जे कारण दिलं त्याच्याबाहेरचं नवं कारण कंपनीला नंतर कोर्टात काढता येत नाही, २०१६ ला गलाडा पॉवरच्या आणि २०१९ ला सौराष्ट्र केमिकल्सच्या केसमध्ये हे सांगून झालंय. म्हणून ते पत्र जपून ठेवा, लॅमिनेट करा हवं तर. काटा पावती पण फाडू नका. कोणी विचारलं तर ७० क्रेट होते असंच सांगायचं, खोटं बोलायचं नाही. तो मुद्दा आला तरी त्याला ७५ टक्क्यांचं उत्तर आहे, खोटं पकडलं गेलं तर त्याला उत्तर नाही.

लायसन्सचं विचारलंय, बॅज नाही म्हणून. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं, सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांनी ६ नोव्हेंबर २०२४ ला रंभादेवी केसमध्ये सांगितलंय. विषय संपला.

बाइकवाल्याचं. तो मोटार अपघात न्यायाधिकरणात जाईल, जाऊ दे, त्याचा हक्क आहे. तिथे कंपनीला पळवाटा फार कमी आहेत. कलम १५० मध्ये त्या मोजून दिल्यात, ड्रायव्हरला लायसन्स नाही, ड्रायव्हर दारू प्यायलेला, परमिटच्या बाहेरचा वापर, रेसिंग, हप्ता न भरलेला, महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली, अशा. गाडीचे कमानपाटे वाढवले ही पळवाट त्या यादीत नाही. फक्त ते शेवटचं, माहिती लपवल्याचं, कंपनी ओढूनताणून लावायचा प्रयत्न करेल, म्हणून रिन्यूअलच्या वेळी फॉर्मवर काय विचारलं होतं आणि कोणी भरलं होतं ते एजंटकडून काढून घ्या, बऱ्याचदा असा प्रश्नच फॉर्मवर नसतो किंवा एजंटने स्वतःच टिक केलेलं असतं. बाइक राँग साइडला होती हे पंचनाम्याच्या नकाशात आलंय का तेही बघा, आलं असेल तर त्याच्या हलगर्जीचा वाटा त्याच्या रकमेतून वजा होतो.

आणि इथे एक चूक सगळे करतात, तुम्ही करू नका. फौजदारी केस कोर्टात लागली की आजूबाजूचे म्हणतात गुन्हा कबूल कर, थोडा दंड भर, मोकळा हो, रोज कोण हेलपाटे घालणार. कबूल केलंत की तोच कागद न्यायाधिकरणात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येतो. तारखा लागू दे, वकील द्या, पण दंडाच्या लोभाने मान डोलवू नका.

आरटीओ. कलम १८२-अ (४) प्रमाणे प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पाटे, जाळी, ईजीआर असे तीन धरले तर १५,०००. चलन आलं तर भांडत बसू नका, भरून टाका, बदल केले हे तुम्ही नाकारतच नाही आहात, अपघात त्यांनी झाला हे नाकारताय. ईजीआर मात्र मला खटकलाय. प्रदूषणाचे नियम मोडल्याचं कलम १९० (२) वेगळं आहे, त्यात १०,००० पर्यंत दंड, कैदही होऊ शकते आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं, ड्रायव्हिंगवर पोट असलेल्या माणसाला ते परवडत नाही. माझ्याकडे गॅरेजवाले अशील बरेच आहेत, त्यांच्याकडून ऐकून एवढं कळलंय की बहुतेक वेळा तो ईजीआर कार्बनने चोंदलेला असतो, काढून साफ केला की गाडी ओढायला लागते, पण साफ करायला अर्धा दिवस जातो आणि पत्रा मारायला अर्धा तास. पत्रा मारला की ईसीयूला वाट बंद दिसते, परत लाइट लागते, मग ती विझवायला लॅपटॉप. आजार तसाच, फक्त दिवा बंद. आणि त्या लॅपटॉपमुळे शोरूमवाले इंजिनची वॉरंटी नाकारतायत म्हणताय, तिथे मी फार आशा दाखवणार नाही.

मग करायचं काय, तर क्रमाने करा. आधी गाडीचे सगळीकडून फोटो आणि व्हिडिओ, मोबाइलमध्ये तारीख चालू ठेवून. मग कंपनीला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र, की गाडी जशी आहे तशी आहे, फेरतपासणी करायची तर पंधरा दिवसांत करा, नंतर मी दुरुस्तीला टाकणार. पंधरा दिवस गेले की मग पाटे, जाळी, ईजीआर सगळं मूळचं करून घ्या, खऱ्या तारखेच्या खऱ्या बिलाने, काढलेले पाटे गोठ्यात ठेवा, भंगारात देऊ नका. अपघातानंतर आरटीओच्या इन्स्पेक्टरने गाडी तपासली असणार, तो रिपोर्ट पोलिसांकडून नक्कल म्हणून मिळतो, त्यात ब्रेक आणि स्टिअरिंग ठीक होते असं असेल तर निम्मी लढाई तिथेच झाली.

केस पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात टाकायची, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात टाकता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईला असलं तरी. नामंजुरीच्या पत्रापासून दोन वर्षं मुदत आहे, पण तेवढं थांबू नका, हप्ते चालू आहेत. फी नाही, कारण आता फी भरलेल्या रकमेवर म्हणजे तुमच्या प्रीमियमवर ठरते आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. धंद्याची गाडी म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं म्हणतील, २०२३ च्या हरसोलिया मोटर्स निकालाने ते तोंड बंद केलंय, आणि तसेही तुम्ही स्वतः चालवून पोट भरता.

फायनान्सवाल्याला आजच लिहून कळवा की क्लेम अडकलाय, हप्त्याची मुदत वाढवून द्या. तोंडी नको.

आता मला दोन गोष्टी पाठवा. एक, तो इन्स्पेक्टरचा रिपोर्ट. दुसरी, जाळी हौद्याला कशी बसवलीय त्याचा जवळून फोटो. नट-बोल्टने बसवली असेल तर ती काढता येणारी क्रेटची जाळी आहे, बॉडीतला बदल नाही, असं मी आयोगापुढे म्हणू शकतो. वेल्डिंग असेल तर नाही म्हणू शकत. चिखल पुसून काढा फोटो, मागच्या वेळी फक्त चिखलच दिसला.