फ्रेंच ऑर्गनवादक बाल्बास्त्रला चर्चमध्ये वाजवायला बंदी का घातली होती?

गर्दीमुळे. क्लोद बाल्बास्त्र (१७२४–१७९९) मूळचा दिजाँचा, १७५० ला पॅरिसला आला आणि १७५६ पासून सँ-रोक चर्चचा ऑर्गनिस्ट होता, तिथे ख्रिसमसच्या मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीला) तो नोएल म्हणजे लोकांच्या ओळखीची नाताळगीतं घेऊन त्यावर अशी व्हेरिएशन्स (एकाच चालीची बदलत जाणारी रूपं) वाजवायचा की अख्खं पॅरिस ऐकायला लोटायचं, शेवटी १७६२ ला आर्चबिशपनेच मनाई केली. चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीत-इतिहासकाराने १७७० ला त्याला तिथे ऐकलं, तो लिहितो की मॅग्निफिकात या मरियेच्या स्तोत्राच्या मधे बाल्बास्त्रने शिकारीच्या धून आणि जिग म्हणजे उडत्या चालीचे नाचसुद्धा वाजवले आणि कोणाला काही वावगं वाटलं नाही, हे वाचलं की गर्दी का व्हायची ते लगेच कळतं. फक्त एक लक्षात घ्या, १७६२ ची बंदी त्या मध्यरात्रीच्या वादनापुरती होती, नोकरी गेली नव्हती, पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या चार ऑर्गनिस्टांपैकीही तो एक होताच, शिवाय फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतला हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) शिकवायचा. ऐकायचं असेल तर १७७० चा नोएल संग्रह आधी ऐका, छापलाय हार्प्सिकॉर्ड-पियानोसाठी पण ऑर्गनवर फार सुंदर वाटतो. मग १७९२ ची मार्सेयेझवरची, म्हणजे आजच्या फ्रेंच राष्ट्रगीतावरची व्हेरिएशन्स.