दादर स्टेशनच्या गर्दीत मूल हरवलं तर आधी काय करायचं?

आधी एक गैरसमज काढून टाका: चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही. १८ वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की पोलिसांनी लगेच अपहरणाचा गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हणालं तर झिरो एफआयआरचा (हद्द न बघता कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवायच्या एफआयआरचा) आग्रह धरा; प्रत फुकट मिळते.

दादरला मात्र दोघांनी मिळून धावू नका. एकाने मूल शेवटचं दिसलं तिथेच उभं राहायचं, कारण मूल तिथेच परत येऊ शकतं. दुसऱ्याने दिसेल त्या आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) जवानाला किंवा रेल्वे पोलिसाला गाठून अनाउन्समेंट करायला लावायची. मूल लोकलमध्ये राहून गाडी सुटली असेल तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर फोन करून कोणती गाडी, कोणत्या दिशेची ते सांगा, पुढच्या स्टेशनवर उतरवून घेता येतं. बाकी ठिकाणी ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन).

शोधासाठी द्यायचा मुलाचा फोटो त्याच दिवशीचा असेल तर उत्तम. (मी गर्दीत शिरण्याआधी लेकीचा एक फोटो काढतेच, नवरा हसतो.) व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना स्वतःचा नंबर देऊ नका, पोलीस ठाण्याचा द्या, नाहीतर पैसे उकळणारे फोन सुरू होतात.