जादू येण्याआधी ती काय करत होती?

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की गेलं वर्षभर मी ठरवून कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या फॅन्टसी कादंबऱ्या वाचल्या. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. काही पत्रांतले प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : वर्षभरात वाचलेल्यांपैकी सगळ्यात आवडलेली पुस्तकं कोणती? आणि आवडली हे तुम्ही कशावरून ठरवता?

उत्तर : टेरी प्रॅचेट यांचं ‘द वी फ्री मेन’ (२००३) सगळ्यात आधी. टिफनी एकिंग ही नऊ वर्षांची मेंढपाळाच्या घरातली मुलगी. नदीकाठी बसलेली असताना पाण्यातून एक हिरव्या दातांची राक्षसीण वर येते. टिफनी धाकट्या भावाला घेऊन तिथून निघते, घरी येते आणि परीकथांचं जुनं पुस्तक काढते. त्यात त्या राक्षसिणीचं वर्णन असतं : डोळे सूप प्लेटएवढे. आता दुसरी कुठलीही मुलगी आईला हाका मारेल. टिफनी मोजपट्टी घेते आणि घरातली सूप प्लेट मोजते. आठ इंच. मग लोखंडी तवा उचलते, भावाला आमिष म्हणून मिठाईच्या पिशवीसकट काठावर बसवते आणि राक्षसीण पुन्हा वर आली की तवा हाणते.

ते पान मी लागोपाठ दोनदा वाचलं. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांत ‘हे नक्की का?’ असं विचारत बसायचं काम आहे, त्यामुळे बशी मोजणारी मुलगी मला आतपर्यंत भिडली. आणि त्या दिवसापासून एक सवयच लागली. वाचनाच्या वहीत प्रत्येक पुस्तकासमोर एक प्रश्न लिहायचा : जादू येण्याआधी ही मुलगी, हा मुलगा काय काम करत होता? वर्षाच्या शेवटी वही चाळली, तर ज्या पुस्तकांसमोर या प्रश्नाचं नेमकं उत्तर होतं, जवळपास तीच माझी आवडती निघाली.

टिफनी लोणी काढते, चीज करते. तिच्या वारलेल्या आजीनं आयुष्यभर मेंढरं राखली. टिफनीला चेटकीण व्हायचंय, पण चेटकीण म्हणजे काय हे ती त्या आजीला आठवून आठवून समजून घेते. मेंढी अडली तर रात्रीबेरात्री उठून जाणारी बाई, ही तिची व्याख्या. या मुलीची एकूण पाच पुस्तकं आहेत. शेवटचं २०१५ मध्ये, प्रॅचेट गेल्यानंतर काही महिन्यांनी आलं.

डायना विन जोन्स यांच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मधली (१९८६) सोफी टोप्यांच्या दुकानात बसून टोप्या सजवते. तीन बहिणींत थोरली, आणि त्या राज्यात थोरलीचं नशीब फुटकंच असतं असा समज. दिवसभर बोलायला कुणी नाही म्हणून ती टोप्यांशीच बोलते : तू श्रीमंत नवरा मिळवशील, तुझ्यात काहीतरी गूढ आहे. त्या टोप्या विकत घेणाऱ्या बायकांच्या बाबतीत तसंच घडायला लागतं आणि सोफीला त्याचा पत्ताही नसतो. पुढे एक चेटकीण तिला शाप देऊन म्हातारी करून टाकते. पण खरी गंमत तिथून पुढे आहे. तरुणपणी कुणाच्या अध्यात न मध्यात असलेली ही मुलगी म्हातारी झाल्यावर फटकळ, धीट आणि मोकळी होते. आता काय, म्हातारीला कोण काय म्हणणार! जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा या पुस्तकावरचा २००४ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. तो सुंदर आहे, पण पुस्तकातली सोफी कितीतरी जास्त तिखट आहे. या पुस्तकाची कल्पना लेखिकेला एका शाळेत भेटलेल्या मुलानं दिली होती. त्यानं ‘चालता किल्ला’ अशा नावाचं पुस्तक लिहा म्हणून सांगितलं. तिनं त्याचं नाव टिपून ठेवलं आणि ते टिपणच हरवलं, म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीला त्या अनामिक मुलाचे आभार आहेत.

अर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ चं. ते मी विशीत वाचलं होतं आणि तेव्हा लक्षात राहिली ती सावली, गेड या तरुण जादूगाराच्या गर्वापायी जगात आलेली आणि त्याच्या मागावर राहणारी. या वेळी लक्ष गेलं ते त्याच्या हातांकडे. गेड लहानपणी शेळ्या राखतो, बापाच्या भट्टीवर भाता ओढतो. गावावर हल्ला होणार म्हणून रात्रभर भाल्यांची पाती घडवली जातात आणि हा रात्रभर भाता ओढत असतो. सकाळी शत्रू समोर येतो तेव्हा याचे दंड इतके भरून आलेले असतात, की भाला हातात धरवत नाही. मग तो धुकं गोळा करायचा एक किरकोळ मंत्र आठवतो, आणि त्या धुक्यात गाव वाचतं. ते थरथरणारे दंड लिहिले नसते, तर ती जादू मला फुकटची वाटली असती.

आणि एक जपानी पुस्तक, नाहोको उएहाशी यांचं ‘मोरिबितो’ (१९९६, कॅथी हिरानो यांचा इंग्रजी अनुवाद २००८ चा). याची नायिका बालसा तीस वर्षांची आहे, भाला चालवते, पैसे घेऊन लोकांचे जीव राखते. कुमारांच्या पुस्तकात तीस वर्षांची नायिका! तिच्यापायी आठ माणसं मेली, म्हणून आठ जीव वाचवायचे असं तिनं मनाशी घेतलेलं आहे. ज्या राजपुत्राला ती सांभाळते तो अकरा-बारा वर्षांचा मुलगा राजवाड्यातून थेट एका झोपडीत येतो आणि हळूहळू साधी कामं शिकतो. ते भाग वाचताना मी पानं पुरवून पुरवून उलटत होते.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिची आजी दोन महिन्यांपूर्वी गेली. ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ तिला द्यावं, असं कुणीतरी सुचवलं. द्यावं का?

उत्तर : आधी तुम्ही वाचा. दोन संध्याकाळींत होईल.

शिवॉन डाउड या लेखिकेला ही गोष्ट सुचली होती : पात्रं, मूळ कल्पना, सुरुवात. २००७ मध्ये त्या कर्करोगानं गेल्या, वय ४७. पॅट्रिक नेस यांनी ती कल्पना घेऊन स्वतःचं पुस्तक लिहिलं, ते २०११ मध्ये आलं. जिम के यांची काळी-करडी चित्रं त्यात आहेत. पुढच्या वर्षी ब्रिटनमधली बालसाहित्याची दोन पदकं, लेखनाचं कार्नेगी पदक आणि चित्रांचं केट ग्रीनवे पदक अशी दोन्ही या एकाच पुस्तकाला मिळाली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

कॉनरची आई आजारी आहे. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी घरामागचं यू जातीचं झाड राक्षस होऊन खिडकीशी येतं आणि म्हणतं, मी तुला तीन गोष्टी सांगेन, चौथी तू सांगायची. ती चौथी गोष्ट काय आहे हे इथे सांगत नाही. एवढंच सांगते, की माझी आई दीर्घ आजारी होती तेव्हा मी तुमच्या मुलीच्याच वयाची होते. दवाखान्यातून घरी येताना वाटेत जे मनात यायचं, ते मी चाळिशी उलटेपर्यंत कुणापाशी बोलले नव्हते. कॉनर ते बोलतो. त्या पानाशी आल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले. मला हे तेराव्या वर्षी मिळायला हवं होतं, असं मनापासून वाटलं.

म्हणून द्या, पण हातात देऊ नका. तिला दिसेल असं ठेवा, मी वाचलंय एवढं सांगा. तिनं वाचायला घेतलं तर रोज रात्री ‘कुठवर आलीस, कसं वाटलं’ विचारू नका. आणि तिनं अर्ध्यावर ठेवलं तर तसंच राहू दे. एखाद्या दिवशी ती आपणहून काही बोलली, तर तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. या कल्पित जगांत मुलं हरवून जातात. त्यापेक्षा इतिहास आणि विज्ञान वाचावं, असं आपल्याला वाटत नाही का?

उत्तर : सर, इतिहास आणि विज्ञान वाचावंच. माझं म्हणणं इतकंच, की यातली काही पुस्तकं मुलांना त्याच दाराशी नेऊन सोडतात.

फ्रान्सिस हार्डिंग यांचं ‘द लाय ट्री’ बघा. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला, त्यानंतरच्या दशकातली ही कथा. फेथ चौदा वर्षांची, बाप धर्मगुरू आणि निसर्गशास्त्राचा अभ्यासक. तिला जीवाश्मांचा अभ्यास करायचाय आणि कुणी तिला तो करू देत नाही. कवट्या मोजणारा एक डॉक्टर तिला समजावतो, की बायकांची कवटी लहान, तेव्हा बुद्धीही बेताची. हा माणूस दुष्ट नाही. त्याला ते विज्ञानच वाटतं, आणि म्हणून तो प्रसंग इतका झोंबतो. यातली अद्भुत गोष्ट एकच : अंधारात वाढणारं एक झाड. त्याच्यापाशी खोटं कुजबुजायचं आणि ते खोटं गावात पसरवायचं. जितके लोक विश्वास ठेवतील तितकं फळ मोठं, आणि ते फळ खाल्लं की एखादं दडलेलं सत्य कळतं. फेथ शास्त्रज्ञाच्या शिस्तीनं नोंदी ठेवत त्या झाडाला खोटं पुरवते. कुणाला कुठलं खोटं पटेल, हे ती कसं हेरते ते वाचताना अंगावर काटा येतो. लोकांना जे मुळात खरं असावंसं वाटतं, तेच ती त्यांना देते. या पुस्तकाला २०१५ चा कोस्टा पुरस्कार मिळाला, तोही फक्त बालसाहित्याचा नव्हे, त्या वर्षीच्या सर्वोत्तम पुस्तकाचा.

इतिहासाचं म्हणाल, तर वर सांगितलेल्या ‘मोरिबितो’मध्ये राज्याच्या स्थापनेची सरकारी कथा एक असते आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या तोंडी राहिलेली कथा दुसरी. कुठल्या कथेत काय गाळलं गेलं, यावर त्या राजपुत्राचा जीव अवलंबून असतो. उएहाशी स्वतः मानववंशशास्त्राच्या अभ्यासक आहेत, त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये काम केलं आहे. २०१४ मध्ये त्यांना बालसाहित्याचा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. सर, हे पुस्तक आपण वाचावं आणि मला कळवावं, ही विनंती.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. इंग्रजी वाचताना अडते. मोठ्या मालिका सुरू करते आणि सोडून देते. काय करू?

उत्तर : मालिका नकोच आत्ता. सोफीचं पुस्तक घे, ते एकट्यानं पुरं आहे. प्रत्येक अडलेला शब्द शोधायला थांबू नकोस. तोच शब्द तीनदा आला तर शोध, नाहीतर पुढे चल. ऐकायची सोय असेल तर पहिली दोन प्रकरणं कुणीतरी वाचलेली ऐक आणि बरोबर पान उघडं ठेव. एकदा आवाज कानात बसला की पुढचं सोपं जातं.

मग ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५, लेखिका ली बार्डुगो). सहा जणांची टोळी, एक अभेद्य किल्ला, एक चोरी. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर ज्याच्या नजरेतून ते आहे त्याचं नाव असतं, त्यामुळे चुकायला होत नाही. पहिली साठ-सत्तर पानं नावांनी गोंधळशील, तेवढी नेटानं काढ. त्याच जगातली आधीची तीन पुस्तकं वाचलेली नसली तरी अडत नाही. टोळीचा म्होरक्या काझ सतरा वर्षांचा, काठी घेऊन चालतो. लेखिका स्वतःही हाडांच्या दुखण्यामुळे काठी वापरते. काझची काठी आधारही आहे आणि हत्यारही.

प्रश्न : न आवडलेली पुस्तकंही सांगा की!

उत्तर : अर्ध्यावर ठेवलेल्यांची नावं घेत नाही, पूर्ण न वाचता बोलणं बरं नव्हे. त्या बहुतेकांत भविष्यवाणीनं निवडलेली एक मुलगी होती आणि निवड होण्यापूर्वी ती दिवसभर काय करायची, याचा पत्ता नव्हता. मनात कालवाकालव झाली ती टोमी अडेयेमी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन’मुळे (२०१८). पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या परंपरेतून उभं केलेलं जग, जादू मारून टाकणारा राजा, आणि बाजारात मासा विकायला निघालेली झेली. तो मासा विकतानाची घासाघीस किती जिवंत आहे! पण मधलं प्रेमप्रकरण घाईघाईत उरकलंय. दोन माणसांत एवढं वैर असताना ते इतक्या लवकर विरघळेल, हे मला पटलं नाही. तरी शेवटचं लेखिकेचं टिपण मात्र वाचाच. कृष्णवर्णीयांवर होणाऱ्या पोलिसी हिंसेच्या बातम्या ऐकताना हे पुस्तक कसं आलं, ते तिनं त्यात लिहिलंय.

प्रश्न : एकच पुस्तक पुन्हा वाचायचं, तर?

उत्तर : वाचतेच आहे. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’, ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेचा दुसरा भाग, १९७१ चा. टेनार नावाच्या मुलीला पाचव्या वर्षी घरातून नेतात, तिचं नाव काढून घेतात आणि जमिनीखालच्या देवतांची पुजारीण करतात. खालच्या गुहेत उजेड न्यायची बंदी. ती सगळं हातानं शिकते : भिंत चाचपत, वळणं मोजत, कुठल्या फटीनंतर डावीकडे, हे घोकत. हेच तिचं काम. त्या अंधाराची ती मालकीण आहे, आणि तिला त्याचा अभिमान आहे.

एके दिवशी ती खाली उतरते, तर तिथं उजेड. एक चोर शिरलाय, त्याच्या काठीच्या टोकाला प्रकाश आहे. तिला संताप यायला हवा, येतोही. पण त्याआधी तिला ती गुहा दिसते. वर्षानुवर्षं तळव्यानं ओळखलेली ती जागा स्फटिकांनी मढलेली असते, छतापासून खालपर्यंत चमकत असते, आणि हे तिला कधीच माहीत नव्हतं. काल रात्री मी त्या पानावर थांबले. आज पुढे वाचेन.