अमोनियाचे सेन्सर: सगळेच्या सगळे छताला लावू नका

मासळी गोठवण्याचा कारखाना, अमोनियावर चालणारी थंडाव्याची यंत्रणा, गळती ओळखणारे चार सेन्सर मंजूर, आणि पुरवठादार म्हणतोय ‘अमोनिया हवेपेक्षा हलका, चारही कॉम्प्रेसर रूमच्या छताला लावून टाकू’. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. मी कोकणात अशाच एका प्लांटचं मेंटेनन्स बघतो. आमच्याकडेही हेच वाक्य ऐकवलं गेलं होतं आणि त्यावरच ड्रॉइंग पास झालं होतं.

अमोनिया हलका आहे हे खरंच. रेणुभार १७, हवेचा सरासरी २९. पण ते बाहेर पडून गरम झालेल्या वायूचं. रिसीव्हरमधला, म्हणजे साठवणीच्या टाकीतला, द्रव अमोनिया बारा-तेरा बार दाबाखाली असतो. तो फुटून बाहेर आला की थोडा भाग लगेच वायू होतो, बाकीचे बारीक थेंब होऊन उडतात. उकळबिंदू उणे ३३ अंश, त्यामुळे भोवतालची हवा क्षणात थंड पडते, तिच्यातलं बाष्प गोठतं आणि थेंब, बाष्प, वायू मिळून जे धुकं तयार होतं ते हवेपेक्षा जड असतं. जमिनीलगत पसरतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर फारच.

आमच्याकडे तेल काढताना हे झालं. कॉम्प्रेसरमधून येणारं तेल अमोनियापेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी साठतं आणि अधूनमधून काढावं लागतं, हे तुम्हाला माहीत असणारच. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईना. पांढरं धुकं गुडघ्याएवढ्या उंचीने रिसीव्हरखालून निघालं, गटाराच्या जाळीवरून सरकत दाराकडे गेलं आणि दाराबाहेर पॅकिंगच्या मुली उभ्या होत्या. छताचे सेन्सर गप्प. पॅनेलवर हिरवा दिवा. ऑपरेटरला वासाने कळलं, त्याने मास्क चढवून मागचा व्हॉल्व्ह बंद केला. एका मुलीच्या डोळ्यांना बराच त्रास झाला, पुढे ती बरी झाली. अलार्म वाजला तो पंखे जोरात लावून धुकं वर ढवळलं गेल्यावर. आम्हाला सावध करायला लावलेली वस्तू सगळ्यात शेवटी जागी झाली.

आणि खरा मनस्ताप त्यानंतरचा. दोन सेन्सर खाली आणायचे म्हटलं तर सल्लागार म्हणाला, ड्रॉइंग मंजूर आहे, हात लावू नका. मंजुरी देणाऱ्या कार्यालयात गेलो तर तिथे उत्तर एकच: बदल म्हणजे नवं ड्रॉइंग, नवी फी, नवी तपासणी. गळती कुठून कशी पसरली याचा आम्ही काढलेला नकाशा कोणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. एकदा फाइल परत आली ती सहीचा रकाना चुकीच्या कोपऱ्यात आहे म्हणून. माणसांच्या फुप्फुसांचा प्रश्न असताना रकान्याचा कोपरा! अजून आठवलं की रक्त उसळतं. शेवटी एका जाणत्या माणसाने सुचवलं की जुने सेन्सर आहेत तिथेच राहू द्या आणि वाढीव सेन्सर बसवल्याचं फक्त कळवा. वाढवायला कोणाचीच हरकत नव्हती. पैसे जास्त गेले, पण काम झालं. तुमचं ड्रॉइंग अजून पास झालेलं नसेल तर आत्ताच भांडा.

आता तुमच्या चार सेन्सरबद्दल माझं मत. मी सेफ्टी ऑडिटर नाही, तुमची खोली मी पाहिलेली नाही, तेव्हा जाणकाराकडून तपासून घ्याच. पण खोलीचे चार सारखे चौकोन करून प्रत्येकाच्या मध्ये एक सेन्सर टांगायचा, या पद्धतीवर माझा काडीचा विश्वास नाही. आधी गळती कुठे होते ते बघा: कॉम्प्रेसरचा शाफ्ट सील, पंपाचा सील, व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग), तेल काढायची जागा. हे ड्रॉइंगवर दिसत नाही, रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा. गंधकाची पेटती काडी घेऊन तो रोज फिरत असतो, गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो, त्या जागा त्याला पाठ असतात.

मग हवा कुठे जाते ते बघा. मूठभर अगरबत्त्या पेटवून (गळती नाही याची खात्री करून, आणि परवानगी घेऊनच) त्या प्रत्येक जागी धरा, पंखे चालू ठेवून आणि बंद ठेवून, दार उघडं आणि मिटलेलं. सेन्सर गळतीची जागा आणि एक्झॉस्ट (हवा बाहेर फेकणारे पंखे) यांच्या वाटेवर असायला हवा. ताज्या हवेच्या झरोक्यासमोर लावलात तर तो फक्त ताजी हवा मोजेल. हीच चाचणी जुलैत पुन्हा करा. आमचे एक्झॉस्ट पश्चिमेच्या भिंतीत आहेत, पावसाळ्यात समोरून वारा आला की धूर उलटा खोलीतच फिरतो.

चारच मिळणार असतील तर मी असे लावीन: एक कॉम्प्रेसरच्या वर, एक रिसीव्हर आणि तेल काढण्याच्या जागेजवळ खाली, एक पंपाच्या खड्ड्यात, एक माणसं काम करतात त्या बाजूच्या दाराशी नाकाच्या उंचीवर. ब्लास्ट फ्रीझरमध्ये मात्र वेगळा लागेल. त्यासाठी कमी तापमानाला चालणारा सेल (सेन्सरमधला वायू ओळखणारा भाग) मागा, नाहीतर डिफ्रॉस्टच्या (बर्फ वितळवण्याच्या) वेळी फिल्टरवर पाणी धरतं, मग बर्फ, मग सेन्सर आंधळा.

पहिला अलार्म २५ पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया) ठेवा, आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा तीच आहे. वारंवार वाजतो म्हणून कोणी १०० वर नेऊन ठेवायला सांगितलं तर ऐकू नका, ग्लँड घट्ट करा. ३०० पीपीएम म्हणजे जिवाला तात्काळ धोका. अमोनिया पेट घेतो तो हवेत साधारण १५ टक्के झाल्यावर, म्हणजे दीड लाख पीपीएम. माणूस त्याच्या कितीतरी आधी जाईल, त्यामुळे फक्त स्फोटाचा धोका मोजणारा सेन्सर कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. हूटर आणि पंख्याचं बटण दाराच्या बाहेरही हवं.

उंचावर लावलेल्या सेन्सरला कॅलिब्रेशनची (अचूकता तपासायची) नळी खालपर्यंत आणून घ्या. शिडी लागली की ते काम पुढे ढकललं जातं, आणि हे सेल दोन-तीन वर्षांत संपतात. फरशी धुताना पाण्याची धार त्यावर जाणार नाही हेही बघा. तेल काढायला हात सोडला की आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवा, सेन्सरच्या मानाने तो फारच स्वस्त आहे.

विषय निघालाच आहे तर, कँटीनमध्ये एलपीजी असेल तर तिथला सेन्सर जमिनीपासून फूटभरावर. आणि सांडपाण्याच्या टाकीत, जिथे मासळीचं पाणी सडतं, तिथे हायड्रोजन सल्फाइड होतो. वास जास्त झाला की नाक बधिर होतं आणि माणूस उतरता उतरता कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. तिथे भिंतीवरच्या सेन्सरवर विसंबू नका. हातातला मीटर दोरीने आत सोडून आधी मोजा, मगच आत उतरायचा परवाना लिहा.

तुमच्या खोलीचं साधं हातचं रेखाटन टाकता का? दारं, एक्झॉस्ट, रिसीव्हर आणि गटाराची जाळी एवढं दाखवा. गटाराचा उतार कुठल्या बाजूला आहे तेही लिहा, ते सगळे विसरतात.