पोडियमवर एक, निकालात दुसराच!

प्रश्न : मित्राशी मिसळीची पैज लागलीय. मी म्हणतो २००३ ची ब्राझीलची फॉर्म्युला वन रेस फिसिकेलाने जिंकली, तो फोटो दाखवतो की पोडियमवर सगळ्यात वर तर रायकोनेन उभाय. नक्की काय झालं होतं?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मिसळ तुमचीच. पण मित्राचा फोटोही खरा आहे बरं का, गंमत तिथेच आहे.

६ एप्रिल २००३, साओ पावलोचा इंटरलागोस ट्रॅक, धो धो पाऊस, आणि तिसऱ्या वळणावर रस्त्यावरून चक्क ओढा वाहतोय. त्यात त्या वर्षीच्या नियमामुळे टीम्सकडे पावसाचा एकच टायर, तोही मध्यम पावसाचा, मग काय, शूमाकर, मोंटोया, बटन एकामागून एक तिथेच घसरले. (आत्ताचा ड्रायव्हर मॅक्स वरस्टॅपन आहे ना, त्याचे वडील योसपण!) शेवटी वेबर भिंतीवर आदळला, त्याच्या सुटलेल्या चाकावर अलोन्सो धडकला आणि रेड फ्लॅग, म्हणजे रेस थांबवली. अलोन्सो तिसरा आला खरा पण पोडियमऐवजी थेट हॉस्पिटलात.

आता तुमचा मुद्दा. रेस ७१ लॅपची (म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्यांची), आणि पाऊण रेस झाल्यावर ती थांबली तर नियम असा होता की ज्या लॅपमध्ये थांबवली त्याच्या दोन लॅप मागचा निकाल धरायचा. आपण नाशिककर कसं गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं ते बघतो, तसं इथे पुढच्या गाडीने लाइन कितव्यांदा ओलांडली ते बघायचं. अधिकाऱ्यांना वाटलं ५५ वी लॅप चालू होती, म्हणून ५३ वीचा निकाल लावला, त्यात रायकोनेन पुढे. पण ५४ व्या लॅपमध्ये तो चुकला होता आणि फिसिकेला पुढे गेला होता! नंतर टायमिंग तपासलं तर फिसिकेलाने ५६ वी लॅप सुरू केलेली निघाली, म्हणजे निकाल ५४ वीचा. पाच दिवसांनी पॅरिसमध्ये पहिला विजय त्याच्या नावावर झाला.

बिचाऱ्याची जॉर्डन टीमची गाडी तर रेस संपल्या संपल्या पेटलीसुद्धा, आणि ट्रॉफी मिळाली ती पुढच्या रेसला, इमोलाला, रायकोनेनच्याच हातून. रायकोनेनचं मला फार वाईट वाटत नाही, त्याचा पहिला विजय दोनच आठवडे आधी मलेशियात झाला होता. जॉर्डन टीम मात्र त्यानंतर पुन्हा कधीच जिंकली नाही.

मिसळीसोबत एक्स्ट्रा पाव मित्राच्याच खात्यावर टाका.