वाळलेलं पान कुठल्या रकान्यात?

मागच्या अंकात शाळेच्या प्रकल्पांविषयी दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. त्यातली जंगलाभोवती फिरणारी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. मी राहते मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी. 31 वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या, खोड जुनी आहे.

माझी मुलगी सातवीत आहे. ‘उष्णकटिबंधीय वर्षावनातील जैविक व अजैविक घटक’ असा तक्ता करायचा होता. अजैविकच्या रकान्यात तिने ऊन, पाऊस, हवा, माती, दगड आणि शेवटी ‘वाळलेली पानं’ लिहिलं. बाईंनी पानांवर लाल फुली मारून अर्धा मार्क कापला. मेलेलं पान निर्जीवच ना? घरात यावरून दोन तट पडलेत.
— एक आई, भांडुप

लेकीला सांगा, अर्धा मार्क गेला तर गेला, तिचा प्रश्न मात्र पैकीच्या पैकी मार्कांचा आहे.

घोळ शब्दांचा आहे. ‘मेलेलं’ आणि ‘अजैविक’ हे एक नव्हे. दगड कधी जिवंत नव्हता, पान होतं. शाळेपुरता ठोकताळा असा की जे कधीकाळी एखाद्या जिवाच्या शरीराचा भाग होतं ते जैविक बाजूला: गळलेलं पान, पडलेला ओंडका, हाड, शेण, पीस. काही अभ्यासक याच्यासाठी ‘मृत सेंद्रिय पदार्थ’ असा तिसरा रकानाच आखतात आणि मला विचाराल तर तेच बरं. तेव्हा बाई चुकल्या नाहीत. मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ‘माती’वर फुली नाही! मातीतले खनिजांचे कण, पाणी, हवा हे अजैविक खरं, पण बुरशीचे धागे, जिवाणू, गांडुळं, वाळवी आणि कुजलेला पालापाचोळा वजा केला तर हातात उरेल ती माती नव्हे, नुसता भुगा.

तुम्ही लहानपणी पिंपळाचं पान पाण्यात भिजत ठेवून जाळी केली असेल. आठ-पंधरा दिवसांनी पाण्याला वास सुटायचा, आई ओरडायची, आणि अलगद चोळलं की हिरवा गर निघून शिरांची जाळी हातात यायची. तो गर पोखरला कोणी? जिवाणूंनी आणि बुरशीने. वर्षावनाच्या जमिनीवर हाच उद्योग बाराही महिने चालतो.

एकदा केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या वर्षावनात गेले होते. वाटेच्या कडेला उकिडवं बसून मी पाचोळ्याचा एकेक पदर उचलून पाहिला. वरचं पान तपकिरी पण अखंड. त्याखालचं ओलं, खालच्या पानाला पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून शिवल्यासारखं. तो दोरा म्हणजे बुरशी. तिसऱ्याच्या नुसत्या शिरा. आणि चौथ्या पदरात केसाएवढी मुळं, मातीतून वर येऊन पाचोळ्यातच घुसलेली! मुळं खाली जातात असं आयुष्यभर शिकवलं होतं, आणि इथे ती जेवण गार व्हायच्या आत ताटाशी आली होती. गाइडला वाटलं माझं काही हरवलंय. सगळे पदर होते तसे परत ठेवले आणि उठले.

मुळांच्या या घाईला कारण आहे. वर्षावनाखालची जमीन बहुतेक ठिकाणी कंगाल असते. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातले विद्राव्य क्षार धुऊन नेलेले असतात, मागे उरतं लोखंड आणि ॲल्युमिनियम. अशाच धुपेतून बनलेला जांभा कोकणातल्या माणसाला सांगायला नको, घरं त्याचीच बांधलीत. (फ्रान्सिस बुकॅनन या डॉक्टरने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि 1807 मध्ये त्याचं इंग्रजी नाव लॅटिनमधल्या विटेवरून ठेवलं.) म्हणजे या जंगलाची पुंजी जमिनीत कमी, झाडांच्या अंगावरच जास्त. पान पडलं की ते कुजवून त्यातलं फॉस्फरस, पोटॅशियम पुढच्या सरीत वाहून जायच्या आत उचलायचं. म्हणूनच असं जंगल तोडून शेत केलं की दोन-चार पिकांत जमीन हात वर करते.

मुंबईत दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. ॲमेझॉनच्या जंगलातही तेवढाच, असं नातवाच्या पुस्तकात वाचलं. ऊनही भरपूर. मग आमचं बोरिवलीचं नॅशनल पार्क वर्षावन का नाही? मे महिन्यात तर ते खराट्यासारखं दिसतं.
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, बोरिवली

आजोबा, या प्रश्नाची मी वर्गात वाट बघायचे. 31 वर्षांत दोघांनीच विचारला.

आकडे तुमच्या बाजूचे आहेत. ॲमेझॉनच्या काठच्या मनाऊस शहरात वर्षाला साधारण 2,300 मिलीमीटर पाऊस पडतो आणि सांताक्रूझची वर्षाची बेरीज त्याच्या आसपासच आहे. एका दिवसाचाच हिशेब काढायचा तर 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पडला. फरक आहे तो वाटपात. मनाऊसला सगळ्यात कोरड्या महिन्यातही काही सरी पडतातच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धो धो, ऑक्टोबरात एखादी विजांची सर, आणि मग मे संपेपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं. पगाराच्या भाषेत सांगते. मनाऊसचं झाड महिन्याच्या महिन्याला पगार घेतं. बोरिवलीच्या झाडाला वर्षाचा पगार चार महिन्यांत मिळतो आणि पुढे आठ महिने बिनपगारी. शहराने आपली सोय केली, त्याच जंगलात 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव बांधून पाणी साठवलं. झाडाने काय करावं? ते खर्च बंद करतं. पानातून सतत पाण्याची वाफ जाते, म्हणून पानंच टाकून द्यायची. साग, ऐन, पळस, काटेसावर सगळे याच हिशेबाचे. म्हणून नॅशनल पार्कचं जंगल पानझडी. मार्चमध्ये तिथलं सागाचं पान उचलून बघा: किड्यांनी जाळी करून टाकलेलं, पापडासारखं कडकडीत. पावसाळा येईपर्यंत ते तसंच पडून राहतं, कारण कुजवणाऱ्यांनाही ओल लागते.

पश्चिम घाटातून दक्षिणेला जात राहिलं की कोरडे महिने कमी होत जातात. केरळच्या दक्षिण टोकाकडे ते दोन-तीनच उरतात आणि जंगल बारमाही हिरवं होतं. आपल्या बाजूला आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर इथेही सदाहरित आणि निमसदाहरित राया आहेत. तिथे पाऊस मुंबईहून बराच जास्त, शिवाय उंचीमुळे धुकं आणि गारवा. शेकरूला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी मारायला वर फांद्यांचा सलग रस्ता लागतो, तो भीमाशंकरला मिळतो.

माझं म्हणणं तपासून बघायचं असेल तर मे महिन्यात सकाळी कान्हेरीच्या वाटेने जा. दोन्ही अंगांना डोंगर उघडे पडलेले, आणि ओढ्याच्या कडेकडेने मात्र हिरवी रेघ: करंज, उंबर, जांभूळ, आंबा. तोच पाऊस, तेच ऊन, दगडही तोच काळा. फक्त जमिनीखाली ओल टिकलेली. मी मुलांना तिथे थर्मामीटर घेऊन न्यायची. उघड्यावरून त्या सावलीत आलं की पारा तीन-चार अंश उतरायचा, आणि हे लिहून घ्यायचं सोडून कार्टी वडापाव काढून बसायची. त्यांचंही बरोबरच होतं, जागा तशीच होती.

बाटलीतला मनी प्लांट तीन वर्षं जगलाय, पण पानं तळहाताएवढीसुद्धा होत नाहीत. खत बदललं. काय चुकतंय?
— एक तरुण, दादर

काही चुकत नाही. तो ज्याची वाट बघतोय ते झाड तुमच्याकडे नाही. मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटाचा. दाट जंगलाच्या तळाशी वरच्या उन्हातलं शंभरातलं एक-दोनच पोचतं, तेवढ्यावर भागवायची सवय या जातीच्या वेलींना असते, म्हणून तुमच्या वनरूम किचनच्या अंधारातही तो तग धरतो. खोड सापडलं की मुळांनी चिकटून वर चढायचं, आणि जसा उजेड वाढेल तसं पान मोठं करायचं, ही त्याची रीत. मुंबईतल्या जुन्या बागांतून मोठ्या झाडावर चढलेला मनी प्लांट शोधा, पान ताटाएवढं आणि कडेने फाटलेलं दिसेल. हा तुमच्या बाटलीतलाच वेल, असं सांगितलं तरी तुमचा विश्वास बसणार नाही. काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीत रोवा, काथ्या ओला ठेवा, कुंडी खिडकीशी सरकवा. खताचे पैसे वाचवा.

ॲमेझॉनचं जंगल जगाला 20 टक्के ऑक्सिजन देतं, म्हणून ते पृथ्वीची फुप्फुसं आहे, हे खरं का? वक्तृत्व स्पर्धेत बोलायचं आहे.
— नववीतली विद्यार्थिनी, परळ

बोलू नकोस, परीक्षकांत एखादी माझ्यासारखी निघाली तर पंचाईत. झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात, पण श्वास तीही घेतात. शिवाय वर सांगितलेला पाचोळा कुजवणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. जमा आणि खर्च मांडला तर ॲमेझॉनची शिल्लक जवळजवळ शून्य येते.

त्याऐवजी पावसाबद्दल बोल. तक्त्यात पाऊस ‘अजैविक’ असतो ना? ब्राझीलच्या एनेआस सालाती या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचे समस्थानिक (म्हणजे त्याचेच हलके-जड अणू) तपासून दाखवलं की ॲमेझॉनच्या पावसातला निम्म्याच्या आसपास वाटा जंगलाच्याच वाफेतून फिरून आलेला असतो. समुद्राकडून आलेलं बाष्प पडतं, झाडं ते मुळांनी ओढून पानांतून परत हवेत सोडतात, वारा ते आणखी आत नेतो, ते पुन्हा पडतं. आता सांग, तो पाऊस कुठल्या रकान्यात घालशील?

आणखी एक. या जंगलातलं थोडं फॉस्फरस नद्यांतून वाहून जातंच. ते भरून निघण्यात सहारा वाळवंटाचा हात आहे. आफ्रिकेतल्या चाड देशात बोडेले नावाचा सुकलेल्या तलावाचा खळगा आहे. तिथली धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडून येते. नासाच्या उपग्रहावरून 2015 मध्ये केलेला अंदाज असा की सहाराच्या धुळीबरोबर वर्षाला सुमारे 22 हजार टन फॉस्फरस ॲमेझॉनवर पडतं. त्या धुळीत जुन्या तलावातल्या सूक्ष्म शेवाळांचे सांगाडेही आहेत. हे सांगून टाळ्या नाही मिळाल्या तर मला कळव.

आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, सांडपाण्याच्या पाइपाजवळ पिंपळ उगवलाय. दोनदा कापला, पुन्हा फुटतो. माती नाही, काही नाही, जगतो कशावर? आणि काढायचा कसा?
— सोसायटीचे सेक्रेटरी, गिरगाव

वड-पिंपळाच्या कुळाची ही जुनी खोड आहे. दाट जंगलात तळाशी उजेड नाही, मग रोपाने तिथे कशाला उगवावं? पक्षी नाहीतर वटवाघूळ फळ खातं, बी उंच फांदीच्या बेचक्यात पडतं, चिमूटभर कुजलेल्या पाचोळ्यावर रुजतं आणि मुळं खाली सोडतं. या कुळातले काही तर यजमान झाडाला मुळांच्या जाळ्यात पार आवळून टाकतात. तुमची चाळ त्याच्या लेखी एक जुनं झाड आहे. भेगेतला चुना, साचलेली धूळ, कावळ्याची विष्ठा आणि पाइपाची गळती एवढं त्याला पुरतं.

त्याच्या पानाचं टोकही बघा, शेपटीसारखं लांबलेलं. जुलैच्या सरीनंतर पाच मिनिटं गॅलरीत उभे राहा. पाणी मधल्या शिरेवरून घरंगळत त्या टोकाशी येतं, नाकातल्या मोरणीएवढा थेंब फुगतो, गळतो, मागून दुसरा. पान लवकर कोरडं होतं. सततच्या पावसात पान ओलं राहिलं तर त्यावर शेवाळ आणि बुरशी बसून ऊन अडतं, म्हणून वर्षावनातल्या कितीतरी झाडांच्या पानांना अशीच टोकं असतात.

आता काढण्याचं. वरून कापून उपयोग नाही, मूळ भिंतीत आहे. रोप बोटाएवढं असताना, भिंत ओली असली की, गवंड्याला बोलावून भेग उकरून मूळ ओढून काढायचं आणि त्याच दिवशी सिमेंट भरायचं. मनगटाएवढं झालं असेल तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगीचा अर्ज करा. मुळं विटांत शिरलेली असतील, ती ओढताना भिंत येईल, म्हणून बांधकामातला माणूस जवळ असू द्या. आणि गळका पाइप आधी बदला, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच जागी दुसरा उगवेल. कुठला पाइप घ्यावा ते प्लंबरला विचारा, तिथे माझी मजल नाही.